डायकास्ट टायगरचा रंग उतरवावा का, आणि त्यावर गंज किती आणावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे टायगर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं 1:32 मापाचं डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, मॉडेल आहे, टरेटवर (तोफ असलेल्या फिरत्या बुरुजावर) 131 क्रमांक आहे, मूळ खोकं जपलेलं आहे. कारखान्यातून आलेला रंग खेळण्यासारखा सपाट वाटला म्हणून तुम्ही त्यावर इनॅमलचा गडद तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, फिरवला. तो खाचांमध्ये बसण्याऐवजी सगळीकडे पसरला आणि काळपट डाग पडले. आता सगळा रंग उतरवून नव्याने रंगवायचा का, आणि मग त्यावर ‘भरपूर गंज’ कसा आणायचा, असं तुम्ही विचारलंय.

डाग ही लहान अडचण आहे, ती सुटेल. मोठी अडचण ‘भरपूर गंज’ या दोन शब्दांत आहे. पण त्याकडे येण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: हे मॉडेल तुम्ही कशासाठी ठेवलंय? पुढेमागे कुणाला द्यायचं असेल, ते मर्यादित संख्येत निघालेलं असेल आणि सोबत क्रमांक असलेलं प्रमाणपत्र असेल, तर इथेच थांबा. संग्राहक मूळ रंग, मूळ डिकल (चिकटवलेली चिन्हं आणि क्रमांक) आणि मूळ खोकं यांना मोल देतात. तुम्ही कितीही देखणं काम केलंत तरी त्यांच्या लेखी ते ‘बदललेलं’ मॉडेल होतं. जुन्या काळातले जस्ताच्या मिश्रधातूचे खेळण्यातले रणगाडे तर मी ओरखड्यांसकट तसेच ठेवतो, त्यांच्यावर ब्रश चालवत नाही. पण मॉडेल तुमच्या कपाटात तुमच्याच डोळ्यांसाठी राहणार असेल, तर ते खुशाल रंगवा. वॉश लावून झालाच आहे, त्यामुळे तुमचा कल मला दुसरीकडे दिसतो. पुढचं सगळं तसं धरून सांगतो.

डाग का पडले ते आधी समजून घ्या, म्हणजे पुन्हा पडणार नाहीत. मॅट रंगाचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला तर खडबडीत असतो. पातळ वॉश त्या खडबडीतपणात शोषला जातो आणि टीपकागदावर शाई पसरावी तसा पसरतो. तोच पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत असेल तर वॉशला थांबायला जागा मिळत नाही. तो ओढला जातो तो खाचांकडे, वेल्डच्या कडांकडे, बोल्टच्या भोवती. म्हणून वॉशआधी चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग बारीक ब्रशच्या टोकाने फक्त खाचेला स्पर्श करायचा. वॉश आपोआप खाचेत धावतो. सगळ्या अंगाला फासायची गरज राहत नाही. मॅटपणा शेवटी परत आणता येतो.

पडलेले डाग काढायला इनॅमल थिनर किंवा व्हाईट स्पिरिट वापरा. वॉश लावून थोडेच दिवस झाले असतील तर तो अजून विरघळेल. पण आधी हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या मुख्य धडाच्या, तळाला, कुणाला न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीवर थोडं थिनर घेऊन पाच मिनिटं घासून पाहा. कारखान्याचा रंग काडीवर आला तर तो मार्ग सोडा. नाही आला तर काडी ओलसर करून (थबथबलेली नको) वरून खाली या दिशेने पुसत जा. दर दोन-तीन पुसण्यांनंतर काडी बदला, नाहीतर इथला काळपटपणा तिथे नेऊन लावाल. सगळं निघणार नाही, आणि जे उरेल त्याची मला काळजी वाटत नाही. हलकासा उरलेला थर पुढे रंगाला खोली देतो.

एका बाबतीत मात्र फार जपा. चाकं, त्यांच्या दांड्या, सस्पेन्शन हे भाग डायकास्टमध्येही बहुतेक वेळा प्लास्टिकचे असतात आणि ताणाखाली बसवलेले असतात. व्हाईट स्पिरिट अशा ताणलेल्या सांध्यात साचून राहिलं की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. माझ्या एका पँथरच्या (हाही जर्मन रणगाडाच) चाकांच्या खाली मी रात्री भरपूर वॉश ओतला होता. सकाळी तीन दांड्या मोडलेल्या मिळाल्या. तेव्हापासून चाकांच्या भागात वॉश थोडा लावायचा, जादा लगेच टिपून घ्यायचा आणि मॉडेल उलटं ठेवून वाळवायचं, हे मी कधी चुकवत नाही.

आता रंग उतरवण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: उतरवू नका. कारखान्याचा रंग धातूला घट्ट धरून असतो आणि तुमच्यासाठी तो एक तयार, भक्कम पाया आहे. तो काढल्यावर धातूसाठीचा प्राइमर द्यावा लागतो. तो नीट बसला नाही तर कडांवरून नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि वर केलेलं सगळं काम त्याच्याबरोबर जातं. उतरवण्याला अर्थ आहे तो एकाच परिस्थितीत: मूळ थर इतका जाड असेल की बोल्टची डोकी आणि वेल्डच्या रेषा बुजून गेल्या असतील, किंवा रंग आधीच पोपडे धरत असेल.

तशी वेळ आलीच तर मॉडेल स्क्रू काढून सुटं करा आणि धातूचे भाग प्लास्टिकपासून पूर्ण वेगळे करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बरेच अॅक्रिलिक रंग सुटतात, तिथून सुरुवात करा. अॅसिटोन लागलंच तर फक्त वेगळ्या केलेल्या धातूच्या भागांवर. प्लास्टिकला त्याचा थेंब लागला तरी ते विरघळतं. आणि कॉस्टिक सोडा किंवा तो असलेलं कोणतंही क्लीनर वापरू नका. पोलादासाठी ते चालतं, पण डायकास्ट हे मुख्यतः जस्ताचं मिश्रण असतं आणि जस्त अल्कलीशी अभिक्रिया करतं. हे न कळण्याच्या दिवसांत मी एका शर्मनची, म्हणजे अमेरिकन रणगाड्याच्या मॉडेलची, हल तशा द्रावणात रात्रभर ठेवली. रंग गेला, पण धातू काळवंडून खरबरीत झाला आणि बारीक तपशील पुसले गेले. ती हल परत कधीच नीट झाली नाही. मला अजून त्याची हळहळ वाटते, कारण ते मॉडेल आता मिळत नाही.

तर मूळ रंग राहू द्या आणि त्याचा सपाटपणा मोडा. तो सपाट का वाटतो? कारण सगळ्या पृष्ठभागांवर एकच छटा आहे. खऱ्या टायगरवर टरेटचं छत उन्हात फिकं पडलेलं असतं, तोफेखालची जागा सावलीत असते, बाजूचं 80 मिलिमीटरचं चिलखत उभं असल्याने त्यावर प्रकाश वेगळा पडतो. 1:32 मध्ये सूर्य तितकं काम करत नाही, ते आपल्याला रंगाने करावं लागतं. शिवाय खरा रणगाडा आपण दुरून पाहतो आणि मधली हवा रंग थोडा फिका करते. म्हणून मूळ छटेत थोडा फिका पिवळसर रंग मिसळून, साधारण दहाव्या भागाइतका, मी सुरुवात करतो. शुद्ध पांढरा टाळतो. त्याने रंग खडूसारखा दिसायला लागतो.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर 0.3 मिलिमीटरचं नोझल, 15 ते 20 पीएसआय दाब आणि दुधाइतका पातळ केलेला अॅक्रिलिक रंग घ्या. प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागी आणि वरच्या आडव्या भागांवर अगदी हलके हात द्या, कडा मूळ रंगात राहू द्या. फरक जेमतेम दिसला पाहिजे. पुढच्या प्रत्येक थराने तो आणखी दबतो. एअरब्रश नसेल तर हेच काम तैलरंगांनी होतं, आणि खरं सांगायचं तर मला तैलरंगच जास्त आवडतात.

आता गंज. तुमच्या टरेटवर 131 हा क्रमांक आहे, म्हणून मी त्याच रणगाड्याबद्दल बोलतो. हा टायगर फेब्रुवारी 1943 मध्ये तयार झाला आणि एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती पडला. आज तो इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे, चालू स्थितीत. म्हणजे लढाऊ रणगाडा म्हणून त्याचं आयुष्य किती? जेमतेम काही आठवडे. त्यातही बराच काळ रेल्वे, बंदर आणि जहाजावरचा. इतक्या दिवसांत 100 मिलिमीटरच्या पुढच्या चिलखतावर केशरी गंजाचे पट्टे कुठून येणार? रंग खरवडला जाईल, धूळ बसेल, तेल सांडेल, चिखल वाळेल, तारांनी आणि बुटांनी घासलं जाईल. खोल गंज चढायला बेवारस पडून राहावं लागतं, ऋतू जावे लागतात. तुम्हाला शेताच्या कडेला पडलेला, माणसांनी सोडून दिलेला सांगाडा दाखवायचा असेल तर गंज हवाच. पण मग तो लढाईतला 131 राहत नाही.

मी कोणत्याही मॉडेलला हात लावण्याआधी कागदावर चार ओळी लिहितो: कुठे होता, किती दिवस, कोणत्या ऋतूत, कोण त्यावर चढत-उतरत होतं. मग प्रत्येक डागाला त्या चार ओळींतून कारण मिळालं पाहिजे. कारण मिळालं नाही तर तो डाग मी काढत नाही, कितीही सुंदर दिसणार असला तरी.

131 वर गंजाला एक हक्काची जागा आहे: मागच्या पत्र्यावरचे दोन उभे सायलेन्सर. इंजिनाच्या उष्णतेने त्यांच्यावरचा रंग लवकर जळतो आणि उघडं पोलाद काही दिवसांतच गंजतं. तिथे मनसोक्त करा. गडद तपकिरीवर लालसर, त्यावर ठिपक्यांनी फिकं केशरी, आणि नळीच्या तोंडाशी काजळी. दुसरी जागा मडगार्ड. तो पातळ पत्रा असतो, वाकतो, त्याच्या वाकलेल्या कडेवरून रंग सुटतो. तिथे एखाद-दुसरी गंजाची रेष शोभते. तिसरी जागा बाहेर अडकवलेली अवजारं आणि टोचनाची दोरखंडं, पण तीही वापरातली असल्याने घासून गुळगुळीत झालेली.

बाकी ठिकाणी चिपिंग, म्हणजे उडालेल्या रंगाचे टवके. इथे मापाचं गणित विसरू नका. 1:32 मध्ये तुम्ही काढलेला 1 मिलिमीटरचा टवका खऱ्या रणगाड्यावर 32 मिलिमीटरचा होतो, जवळजवळ दोन बोटांच्या रुंदीचा. असे शंभर टवके सगळ्या कडांवर सारख्या अंतराने पडलेले पाहिले की मला रणगाडा दिसत नाही, ब्रश दिसतो. फाटक्या स्पंजचा तुकडा चिमट्यात धरा, गडद तपकिरी अॅक्रिलिकमध्ये टेकवा, कागदावर जवळजवळ सगळा रंग टिपून काढा, आणि मग हॅचच्या (आत शिरायच्या झाकणांच्या) कडा, चालक वर चढताना पाय ठेवतो त्या जागा, अवजारांच्या पट्ट्यांभोवती हलके टेकवत जा. ओरखड्याच्या आत जर्मन प्राइमरचा विटकरी लाल दाखवायचा मोह होतो. थोडा दाखवा. काही ओरखडे फक्त वरच्या रंगाचे असतात, तिथे मूळ रंगाचीच फिकी छटा पुरते. धातूपर्यंत गेलेले टवके तुरळक हवेत.

जाता जाता हेही सांगतो, कारण पुढच्या मॉडेलला उपयोगी पडेल: उडालेल्या रंगाखाली काय आहे ते त्या वाहनावर ठरतं. एम113 या अमेरिकन चिलखती सैनिकवाहू गाडीची हल अॅल्युमिनियमची आहे. तिच्यावर तपकिरी गंजाचे टवके काढले की जाणकाराचा डोळा तिथेच अडकतो. अॅल्युमिनियम असं गंजत नाही, ते फिकट करडं दिसतं.

हेअरस्प्रेची पद्धत तुम्ही ऐकली असेल. खालचा रंग पक्का करून त्यावर हेअरस्प्रे, त्यावर अॅक्रिलिकचा पातळ हात, आणि तो कोरडा झाल्यावर थोड्याच वेळात कोमट पाणी आणि ताठ ब्रशने वरचा रंग उडवायचा. ही पद्धत अप्रतिम आहे, पण तिची खरी जागा हिवाळी चुन्याची सफेदी उतरलेला रणगाडा ही आहे. पूर्व आघाडीवर सैनिक वाहनांना चुना फासत, आणि तो घासला जाऊन, पावसाने धुऊन खालचा रंग डोकावत असे. तुमच्या ट्युनिशियाच्या टायगरला ती लागत नाही.

आता माझा आवडता टप्पा. तैलरंगाच्या ट्यूबमधून थोडे रंग पुठ्ठ्यावर काढून दोन-तीन तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो. तसं न करता वापरलं तर रंग चमकतात आणि कित्येक दिवस वाळत नाहीत. मग एका वेळी एकच पत्रा घ्या. तो थिनरने जेमतेम ओलसर करा. फिकट पिवळा, मातकट तपकिरी, थोडा करडा असे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके ठेवा आणि स्वच्छ, जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढा. उभ्या पत्र्यावर वरून खाली, कारण पाऊस आणि धूळ तशीच उतरते. आडव्या पत्र्यावर गोलाकार थोपटून. दहा मिनिटांत तो पत्रा शेजारच्यापेक्षा वेगळा दिसायला लागतो, तरी कुठे काय केलं ते दाखवता येत नाही. ओघळ ओढताना प्रत्येकाला सुरुवात द्या, म्हणजे एखादा बोल्ट, एखादी कडा, हॅचची बिजागरी. अधांतरी सुरू झालेला ओघळ लगेच खोटा वाटतो. चुकलात तर थिनरने पुसा. तैलरंग तुम्हाला तासन्‌तास संधी देतो. याआधी अॅक्रिलिक वॉर्निशचा थर असला की खालचं काही हलत नाही. अॅक्रिलिक खाली, इनॅमल आणि तैलरंग वर, हा क्रम त्यासाठीच.

ट्युनिशियाची धूळ फिकट असते, तेव्हा पिगमेंटही, म्हणजे रंगाची कोरडी पूडही, फिकट घ्या, एकच नको, दोन-तीन छटा मिसळा. धूळ बसते ती जिथे माणूस वावरत नाही तिथे: इंजिनाच्या डेकचे कोपरे, टरेटमागची जागा, मडगार्डच्या आतल्या खाचा. जिथे पाय पडतात तिथून ती पुसली जाते आणि रंग उलट घासून थोडा तुकतुकीत होतो. हा विरोध दाखवलात की रणगाड्यावर माणसं राहत होती हे न सांगता कळतं. इंधन भरण्याच्या झाकणाभोवती एक-दोन गडद, ओलसर चमकीचे डाग पुरेत. टायगरची चाकं एकमेकांत शिरलेली असतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये चिखल अडकून बसतो. तिथे पिगमेंटमध्ये थोडं बारीक प्लास्टर मिसळून जाडसर करा आणि अॅक्रिलिक रेझिनने धरून ठेवा. चाकांच्या बाहेरच्या तबकड्यांवर मात्र पातळच.

ट्रॅकबद्दल, म्हणजे चाकांवरच्या साखळीपट्ट्यांबद्दल, थोडक्यात. ते केशरी नसतात. गडद तपकिरी-करडा पाया, खाचांत वाळलेली माती, आणि जमिनीला घासणाऱ्या उंचवट्यांवर उघड्या पोलादाची चमक. त्यासाठी मऊ ग्रॅफाइट पेन्सिल हलकेच फिरवली की काम होतं. पुढच्या दातेरी चाकाच्या दातांनाही तीच. 131 च्या चाकांना रबराची धाव आहे, तेव्हा चाकांच्या कडेला धातूची चमक देऊ नका. तुमच्या मॉडेलचे ट्रॅक मऊ व्हिनाइलचे असतील तर त्यांना इनॅमल लावू नका, ते चिकट राहतं, अॅक्रिलिक वापरा.

हे सगळं करताना खिडकी उघडी ठेवा. थिनर आणि लॅकरच्या वाफांसाठी सेंद्रिय वाफा रोखणारं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, साधा कापडी चालत नाही. कोरडे पिगमेंट झटकताना आणि रंग घासताना धुळीचा मास्क लावा. कॅडमियम असलेले तैलरंग ब्रशने वापरा, ते फवारू किंवा वाळल्यावर घासू नका.

पहिलाच प्रयत्न टायगरवर करू नका. एखाद्या मोडक्या मॉडेलचा पत्रा किंवा प्लास्टिकचं झाकण त्याच रंगात रंगवा आणि त्यावर वॉर्निश, वॉश, स्पंज, तैलरंग असा पूर्ण क्रम करून पाहा. दोन संध्याकाळी जातील. त्यानंतर टायगरला हात लावाल तेव्हा ब्रशवर किती रंग हवा ते बोटांना माहीत असेल.

मॅट वॉर्निश पिगमेंटच्या आधी फवारा. नंतर फवारलंत तर बारीक धूळ गडद होऊन जवळजवळ नाहीशी होते आणि पुन्हा लावावी लागते. पिगमेंट धरून ठेवायला ब्रशच्या टोकाने फिक्सरचा थेंब कडेला टेकवा, तो स्वतःच आत शिरतो. आणि एकदा पिगमेंट लागले की मॉडेल कापडाने किंवा ब्रशने झटकता येत नाही. खरी धूळ काढायला जाल तर तुमचीही निघेल. म्हणून काम सुरू करण्याआधीच त्याच्यासाठी बंद काचेची पेटी बघून ठेवा, आणि खोक्यात परत ठेवायचा विचार असेल तर चाकं आणि मडगार्डवरचे पिगमेंट अगदी पातळ ठेवा, कारण खोक्यातला प्लास्टिकचा साचा नेमका तिथेच घासतो.